विश्लेषण : किंमत आधी, संगणक नंतर... रबरी कळांचा ‘स्पेक्ट्रम’ घराघरांत कसा पोहोचला?

ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक सादर झाला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. सोबत पडदा नाही, डिस्क नाही आणि भरभर टंकलेखन करता येईल असा कळफलकही नाही. तरीही पुढील दहा वर्षांत असे ५० लाखांहून अधिक संगणक विकले गेले. ब्रिटनमधील एका पिढीची संगणकाशी पहिली ओळख याच काळ्या डबीने करून दिली. स्वस्त संगणक बनवायचा तर काय कापायचे, काय राखायचे आणि उरलेले ग्राहकाला कसे पटवायचे, या प्रश्नांची उत्तरे या यंत्रात सापडतात. ज्या काटकसरीने ते घडले, तिनेच पुढे ते बनवणाऱ्या कंपनीला अडचणीत आणले.

स्पेक्ट्रमच्या आधी काय होते?

अमेरिकेत १९७७ मध्ये अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार संगणक बाजारात आले. त्यापैकी अ‍ॅपल टूची किंमत १,२९८ डॉलर होती. मध्यमवर्गीय कुटुंबाने सहज घ्यावी अशी ही वस्तू नव्हती. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर हे उद्योजक १९६० च्या दशकापासून छोटे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर टपालाने विकत होते. १९७२ मध्ये त्यांनी खिशात मावेल असा पातळ कॅल्क्युलेटर आणला. वस्तू लहान करायची, स्वस्त करायची आणि दुकानदाराला वगळून थेट ग्राहकाला विकायची, ही त्यांची पद्धत होती.

हीच पद्धत त्यांनी संगणकाला लावली. १९८० मध्ये आलेला झेडएक्स ८० तयार स्वरूपात ९९.९५ पौंडांना मिळे. स्वतः जोडून घ्यायची तयारी असेल तर सुटे भाग ७९.९५ पौंडांना मिळत. शंभर पौंडांच्या आतला तयार संगणक हीच त्याची मोठी ओळख होती. त्यात स्मृती म्हणजे मेमरी फक्त १ केबी. कळ दाबली की पडद्यावरील चित्र क्षणभर नाहीसे होई, कारण कळ वाचणे आणि चित्र दाखवणे ही दोन्ही कामे एकाच प्रोसेसरला करावी लागत.

किंमत आधी ठरवून यंत्र कसे बनवले?

साधारणपणे वस्तू तयार होते, खर्च मोजला जातो आणि मग किंमत ठरते. सिंक्लेअर यांच्याकडे हा क्रम उलटा होता. आधी विक्रीचा आकडा ठरे आणि त्यात बसेल ते यंत्र बनवण्याची जबाबदारी अभियंत्यांवर येई. झेडएक्स ८० मध्ये २१ चिप होत्या. चिपची संख्या कमी झाली की जोडणीचा वेळ, सर्किट बोर्डाचा आकार आणि बिघाडाची शक्यता, सगळेच कमी होते. १९८१ च्या झेडएक्स ८१ मध्ये हीच संख्या चारवर आणली गेली. किंमत उतरून ६९.९५ पौंड झाली.

हे साधले ‘युएलए’ या प्रकारच्या चिपमुळे. अर्धवट तयार केलेल्या चिपवर शेवटच्या टप्प्यात ग्राहकाला हव्या तशा जोडण्या करून द्यायच्या, अशी ही पद्धत. चिप पहिल्यापासून नव्याने घडवण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडे. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने सिंक्लेअरसाठी ही चिप बनवली आणि अनेक सुट्या चिपचे काम तिच्यात कोंबले गेले.

मात्र स्वस्ताईत एक मेख होती. झेडएक्स ८१ मध्येही मूळ स्मृती १ केबीच होती. थोडा मोठा प्रोग्राम चालवायचा तर मागे खोचायचा १६ केबीचा जोड घ्यावा लागे, त्याची किंमत ४९.९५ पौंड. म्हणजे संगणकाच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम वर मोजायची. हा जोड ढिला बसे. जरासा धक्का लागला की तासभर बसून टंकलेला प्रोग्राम क्षणात नाहीसा होई. तरीही झेडएक्स ८१ चे सुमारे १५ लाख नग विकले गेले.

स्पेक्ट्रममध्ये रंग कसे आणले?

पुढचा टप्पा रंगांचा होता. स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे घरातलाच टीव्ही. त्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, असे एकूण ४९,१५२ ठिपके. रंग होते १५. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा नोंदवायचा तर त्यासाठी २४ केबी स्मृती लागली असती. पण १२५ पौंडांच्या संगणकात एकूण स्मृतीच होती १६ केबी.

अभियंता रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी यावर तोड काढली. प्रत्येक ठिपक्याबद्दल फक्त एवढेच नोंदवायचे की तो उमटलेला आहे की कोरा. मग पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनासाठी दोनच रंग ठरवायचे, एक उमटलेल्या ठिपक्यांचा आणि एक कोऱ्या जागेचा. असे केल्यावर सगळे चित्र ६,९१२ बाइटमध्ये, म्हणजे सात केबीपेक्षा कमी जागेत बसले.

याची किंमत पडद्यावर दिसे. लाल पोशाखातला खेळाडू हिरव्या झाडासमोरून गेला की त्या चौकोनात तिसऱ्या रंगाला जागाच नसे. मग झाड तरी लाल होई किंवा खेळाडू तरी हिरवा. रंगांची ही सरमिसळ स्पेक्ट्रमची खूणच बनली. काही गेम बनवणाऱ्यांनी त्यावर सोपा मार्ग काढला. सगळा खेळ एकाच रंगात ठेवायचा आणि मेहनत चित्राच्या बारकाव्यावर घ्यायची. १९८४ चा ‘नाइट लोअर’ हा गेम त्याचा नमुना मानला जातो.

कळा रबरी का होत्या?

त्या काळी चांगला कळफलक ही संगणकातील महागडी वस्तू होती. प्रत्येक कळेला वेगळी स्प्रिंग, वेगळी टोपी, वेगळे बटण असे शेकडो सुटे भाग जोडावे लागत. कंपनीचे डिझायनर रिक डिकिन्सन यांनी झेडएक्स ८१ साठी सपाट, न हलणारा कळफलक केला होता. स्पेक्ट्रमसाठी त्यांनी रबराचा एकच अखंड पत्रा घेतला, त्यातूनच चाळीस कळा उठवल्या आणि वर छिद्रे पाडलेली धातूची पट्टी बसवली. शेकडो भागांचे काम मोजक्या भागांत झाले. काळ्या खोक्याच्या कोपऱ्यात इंद्रधनुष्यासारखे चार पट्टे ओढले की झाले. हा संगणक रंगीत आहे, हे ते पट्टे न बोलता सांगत.

चाळीसच कळा असल्याने एकेका कळेवर पाच-सहा कामे लादली गेली. ‘प्रिंट’ ही आज्ञा अक्षर अक्षर टंकायची गरज नव्हती, ‘पी’ दाबले की पूर्ण शब्द पडद्यावर येई. यामुळे टंकलेखन वाचे आणि आज्ञा ओळखण्यासाठी लागणारी स्मृतीही वाचे. हा कळफलक मऊ, गिळगिळीत लागतो, अशी टीका झालीच. पण नवशिक्या मुलाला सगळ्या आज्ञा कळांवरच छापलेल्या दिसत. शिकण्यासाठी तो एक तक्ताच होता.

नादुरुस्त चिप विकत घेतल्या, हे खरे का?

खरे. स्पेक्ट्रमचे दुसरे मॉडेल ४८ केबीचे होते आणि त्याची किंमत १७५ पौंड होती. त्यातील वाढीव ३२ केबी स्मृतीसाठी कंपनीने अशा चिप वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला होता. अशा चिप एरवी बाद ठरतात, म्हणून स्वस्त मिळत. चांगला अर्धा भागच वापरला जाईल अशी जोडणी बोर्डावर केली की काम भागे. ग्राहकाची यात फसवणूक नव्हती, कारण सांगितलेली स्मृती त्याला पूर्ण मिळत होती.

घाईच्या खुणाही होत्या. सुरुवातीच्या संगणकांतील युएलए चिपमध्ये दोष राहिला. नवी चिप येईपर्यंत थांबण्याऐवजी एक छोटी चिप उलटी चिकटवून तिचे पाय वरून तारांनी जोडले गेले. उताणे पडलेले झुरळ दिसावे तशी ती दिसे आणि जाणकारांत तिला तेच नाव पडले.

विक्रीचे तंत्र काय होते?

सुरुवातीला विक्री टपालाने. वर्तमानपत्रे आणि मासिकांत दोन-दोन पानी जाहिराती झळकत, खाली कूपन असे. ते कापून, भरून, धनादेशासह पाठवायचे आणि वाट पाहायची. यात दुकानदाराचा नफा वाचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाचे पैसे आधी येत आणि वस्तू नंतर जाई. उत्पादनाला लागणारे भांडवल काही अंशी ग्राहकच पुरवत होता.

याची दुसरी बाजू लवकरच दिसली. जाहिरातीत २८ दिवसांत घरपोच देण्याचे आश्वासन असे. मागणी उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक निघाली. अनेकांना महिनोन् महिने थांबावे लागले आणि तक्रारींचा ढीग पडला. स्कॉटलंडमधील डंडी येथील टायमेक्सच्या कारखान्यात जोडणी होत होती, पण मागणीला ती पुरी पडेना. तरीही लोक थांबले, कारण या किमतीत दुसरे तसे यंत्र नव्हते.

दुसरे पाऊल अधिक दूरगामी ठरले. पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वह्या-पेन विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ या दुकानसाखळीने १९८१ मध्ये झेडएक्स ८१ आणि पुढे स्पेक्ट्रमही ठेवला. संगणक तोवर तज्ज्ञांच्या दुकानात मिळणारी वस्तू होती. तो आता कॅसेट आणि पुस्तकांच्या शेजारी फळीवर आला. मुले शनिवारी दुकानात जाऊन त्यावर बोटे चालवून पाहू लागली.

जाहिराती नेमके काय विकत होत्या?

पहिला मुद्दा अर्थातच किंमत. स्पेक्ट्रमच्या जाहिरातीत थेट तुलना असे : निकटच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा निम्म्याहून कमी पैशांत. हा प्रतिस्पर्धी म्हणजे एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. देशाला संगणकसाक्षर करण्यासाठी बीबीसीने दूरचित्रवाणीवर मालिका सुरू केली आणि तिच्यासाठीचा अधिकृत संगणक म्हणून एकॉर्नची निवड केली. एकॉर्नचे सहसंस्थापक ख्रिस करी हे सिंक्लेअर यांचेच माजी सहकारी. बीबीसीचे हे काम हातचे गेल्याचा सल सिंक्लेअर यांना होता. १९८४ च्या नाताळात एकॉर्नने सिंक्लेअरच्या यंत्रांच्या दर्जावर बोट ठेवणारी जाहिरात दिली, तेव्हा केंब्रिजमधील एका पबमध्ये दोघांची बाचाबाची झाल्याचा किस्सा आजही सांगितला जातो.

दुसरा मुद्दा अधिक प्रभावी होता : मुलांचे भवितव्य. ब्रिटनमध्ये तेव्हा बेरोजगारी तीस लाखांवर गेली होती. येणारा काळ संगणकाचा आहे आणि आपले मूल मागे पडू नये, ही आईवडिलांची काळजी खरी होती. घराचा हिशेब, अभ्यास, छोट्या व्यवसायाची कामे असे उपयोग जाहिराती सांगत. सरकारचा सूरही तोच होता. शाळांना निम्म्या किमतीत संगणक देण्याची योजना होती आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८२ मध्ये जपानच्या पंतप्रधानांना स्पेक्ट्रम चालवून दाखवला होता.

मुलांनी त्याचे काय केले?

खेळ खेळले. प्रोग्राम साध्या कॅसेटवर मिळत आणि घरच्या टेपरेकॉर्डरवरून संगणकात भरले जात. कर्कश किंचाळी ऐकत चार-पाच मिनिटे थांबायचे आणि शेवटी बिघाडाचा संदेश आला तर पुन्हा पहिल्यापासून. घरखर्चाचा हिशेब त्यावर ठेवणारे पालक थोडेच होते.

पण जाहिरातीतला दावा पूर्ण पोकळही ठरला नाही. संगणक सुरू केला की पडद्यावर मेनू येत नसे, चिन्हे येत नसत. एक कळ दाबली की खाली लुकलुकणारे अक्षर येई आणि यंत्र आज्ञेची वाट पाही. काहीही घडवायचे तर त्याच्याशी ‘बेसिक’ या भाषेतच बोलावे लागे. सोबतची मार्गदर्शक पुस्तिका स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेली होती. ती वापरण्याच्या सूचना देऊन थांबत नव्हती, प्रोग्राम लिहायला शिकवत होती. मासिकांत छापलेले प्रोग्राम मुले ओळ न् ओळ टंकत, चूक शोधत आणि मग त्यात स्वतःचे बदल करत.

यातूनच शयनगृहात बसून गेम लिहिणारी पिढी उभी राहिली. १९८३ मध्ये गाजलेला ‘मॅनिक मायनर’ मॅथ्यू स्मिथ या १७ वर्षांच्या मुलाने लिहिला. गेम बनवायला मोठे भांडवल लागत नव्हते. ज्या यंत्रावर खेळायचे तेच यंत्र आणि एक कॅसेट पुरे. ब्रिटनचा व्हिडीओ गेम उद्योग उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत या मुलांचा वाटा मोठा आहे.

मग कंपनी अडचणीत का आली?

जी सवय यशाची, तीच अपयशाची ठरली. जानेवारी १९८४ मध्ये व्यावसायिकांसाठी ‘क्यूएल’ हा संगणक ३९९ पौंडांना जाहीर झाला. पुन्हा २८ दिवसांचे आश्वासन. प्रत्यक्षात विकण्याजोगे यंत्र तेव्हा तयारच नव्हते. काही महिन्यांनी पहिले नग पोहोचले तेव्हा आज्ञावलीचा काही भाग आत मावला नव्हता. तो मागे लटकणाऱ्या डबीत घालून दिला गेला. गेम खेळणाऱ्या मुलाने हे चालवून घेतले असते, कार्यालयाने घेतले नाही.

अमेरिकेत तर खेळच वेगळा झाला. तेथे टायमेक्सने झेडएक्स ८१ ची आवृत्ती १०० डॉलरच्या आत आणली. पण कमोडोरने किमती झपाट्याने उतरवल्या. जुना कोणताही संगणक द्या आणि नव्या कमोडोर ६४ वर १०० डॉलर सूट घ्या, अशी योजनाही आणली. लोक टायमेक्सचा स्वस्त संगणक केवळ ही सूट मिळवण्यासाठी विकत घेऊ लागले. निव्वळ स्वस्ताईवर उभी असलेली वस्तू दुसऱ्याने अधिक स्वस्त केली की तिच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

जानेवारी १९८५ मध्ये सिंक्लेअर यांनी ‘सी ५’ हे तीन चाकी विजेवरचे वाहन आणले. ते सपशेल आपटले आणि त्यांची पत घसरली. नाताळच्या अपेक्षेने बनवलेला माल गोदामात पडून राहिला. अखेर एप्रिल १९८६ मध्ये संगणकांचा व्यवसाय आणि सिंक्लेअर हे नाव ५० लाख पौंडांत अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला विकले गेले. अ‍ॅमस्ट्रॅडने लगेच स्पेक्ट्रमला नीट कळफलक दिला आणि टेपरेकॉर्डर आतच बसवला. ग्राहकाला काय खटकत होते, हे यातून आपोआप सांगितले गेले.

भारताशी याचा संबंध काय?

१९८२ हे आपल्याकडे रंगीत दूरदर्शन येण्याचे वर्ष. घरात संगणक ही फार दूरची गोष्ट होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणकसाक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले गेले. म्हणजे जो संगणक ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमचा प्रतिस्पर्धी होता, तो भारतातील अनेक विद्यार्थ्यांचा पहिला संगणक ठरला. स्पेक्ट्रमही आला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो भारतीय बाजारात आणला. पोलादी पडद्याआड मात्र परवान्याचा प्रश्नच नव्हता. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपात स्पेक्ट्रमच्या असंख्य नकला बनल्या. मोजक्या, साध्या भागांचा संगणक नक्कल करायलाही सोपा होता.

आज त्यातून काय घ्यायचे?

हा लेख ज्या फोनवर वाचला जात आहे, त्यातील प्रोसेसर बहुधा ‘एआरएम’ रचनेचा असेल. ती रचना एकॉर्नने बीबीसी मायक्रोच्या पुढची यंत्रे बनवताना १९८५ मध्ये साकारली. केंब्रिजमधल्याच एका संस्थेने फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरचा ‘रास्पबेरी पाय’ आणला, तो याच भावनेतून : मुलांकडे यंत्रे खूप आहेत, पण उघडून पाहावे, मोडतोड करून शिकावे असे त्यांत काही उरलेले नाही. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे सप्टेंबर २०२१ मध्ये निधन झाले.

आजचा स्वस्तातला फोन स्पेक्ट्रमपेक्षा हजारो पटींनी ताकदवान आहे आणि मुलांच्या शिक्षणाच्या नावानेच तो आजही विकला जातो. फरक आहे तो सुरू केल्यानंतरच्या पहिल्या क्षणात. स्पेक्ट्रम आज्ञेची वाट पाहत थांबे. फोन काय पाहायचे ते आधीच समोर मांडून ठेवतो. म्हणून मुलासाठी यंत्र घेताना किंमत आणि केबी-जीबीच्या आकड्यांपलीकडे दोन प्रश्न विचारायला हवेत. ही किंमत गाठण्यासाठी कशावर कात्री चालवली आहे? आणि या यंत्रावर मुलाला स्वतः काही घडवता येईल, की फक्त दुसऱ्याने घडवलेले पाहता येईल? पहिल्या प्रश्नात स्पेक्ट्रमला जेमतेम गुण मिळाले असते. दुसऱ्यात मात्र तो आजच्या अनेक महागड्या यंत्रांच्या पुढे निघाला असता.